राखून ठेवलेला जोर

एक गाडी लाल, दुसरी राखाडी. लाल आहे फोक्सवॅगनची 2015 ची पोलो जीटी टीएसआय. तिचे दोन मालक होऊन गेले, मी घेतली तर तिसरी. इंजिनाला ‘स्टेज वन’ केलेलं, हवेचा फिल्टर बदललेला, सस्पेन्शन थोडं खाली बसवलेलं. राखाडी आहे त्याच कंपनीची व्हर्टस, दीड लिटरच्या इंजिनाची, वापरलेली पण फार नाही, आणि कारखान्यातून निघाली तशीच. दोघींचा जन्म चाकणचा.

गेले कित्येक दिवस या दोघी माझ्या मनात आळीपाळीने येतात. स्टेशनवर लोकलची वाट बघताना लाल, रात्री दिवा मालवल्यावर राखाडी. मैत्रिणी विचारतात, आपल्या वसईत गाडी पळवणार कुठे, अंबाडी रोडवर? प्रश्न रास्त आहे. पण मला गाडी चालवणं मनापासून आवडतं. वळणावर स्टिअरिंगने हाताशी बोलणं, चढावर गिअर नेमका पडणं, पायाखाली अजून शिल्लक आहे हे कळत राहणं, यातलं सुख मला पोचायच्या ठिकाणापेक्षा मोठं वाटतं. त्यामुळे हा निवाडा मला हलक्या हाताने करता येत नाही.

इंजिनाचा जोर पेट्रोलमध्ये असतो असं आपल्याला वाटतं. खरा तो हवेवर ठरतो. पेट्रोल हवं तेवढं सोडता येईल, पण ते जाळायला हवा पुरली पाहिजे. जास्त हवा कोंबायच्या दोन वाटा आहेत. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. पाय दाबताक्षणी जोर देतो, पण त्यासाठी इंजिनाचीच थोडी ताकद खातो. टर्बो बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरतो, मिनिटाला लाखावर फेरे घेतो. वाया जाणारं कामाला लावतो, मात्र जागा व्हायला क्षणभर घेतो. फोक्सवॅगनने परदेशात 1.4 लिटरच्या एका इंजिनावर हे दोन्ही एकत्र बसवले होते. आपल्याकडे 2013 साली आलेल्या पोलो जीटीला मिळालं 1.2 लिटरचं टर्बो इंजिन: 105 पीएस ताकद, 175 न्यूटन मीटर टॉर्क.

‘स्टेज वन’मध्ये स्टिअरिंगखालच्या पोर्टला लॅपटॉप जोडतात आणि ईसीयूमधले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले, आकडे बदलतात. टर्बोने किती दाब द्यायचा, ठिणगी केव्हा पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, हे सगळं नव्याने ठरतं. ट्यूनिंग करणारे सांगतात, ताकद 130 च्या आसपास जाते. पोलोचं वजन साधारण अकराशे किलो, व्हर्टसचं साडेबाराशेच्या घरात आणि ताकद 150 पीएस. किलोमागे हिशेब मांडला तर दोघी जवळपास बरोबरीत येतात. म्हणजे वेगावरून निवड होणार नाही.

लाल गाडी वालीवच्या एका गॅरेजसमोर पाहिली. बॉनेट उघडलं तशी नजर आधी फिल्टरवर गेली. कंपनीचा काळा बंद डबा काढून तिथे उघडा, निमुळता फिल्टर लावलेला, आणि त्याच्या घड्यांत वसईची बारीक धूळ. टर्बोकडून येणाऱ्या जाड नळीच्या सांध्याशी तेलाची ओलसर कड. मालक तिशीचा मुलगा. “ताई, जीव लावून वापरलीय,” म्हणाला आणि त्याने बिलांची फाइल पुढे केली. खरोखरच जीव लावला होता. ऑइल चेंजच्या पावत्या तारीखवार, स्पार्क प्लग वेळेआधी बदललेले. फाइलमध्ये एकच कागद नव्हता: केलेले बदल विमा कंपनीला कळवल्याचा.

पहाटे सातिवलीवरून हायवेला लागलो. तुंगारेश्वरच्या डोंगरावर ढग टेकले होते. रस्ता मोकळा दिसला तसा पाय दाबला. क्षणभर काहीच नाही, आणि मग पाठ सीटला टेकली. पाय उचलला तर बॉनेटखालून ‘फुस्स’ असा मोठा सुस्कारा आला. आपल्याकडे पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. इतकी छोटी, इतकी घट्ट, इतकी चटपटीत गाडी आता नवी मिळत नाही. ते आठवून घशाशी काहीतरी आलं. शेजारी बसलेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

तरी घरी परतल्यावर मन एका प्रश्नाशी अडलं. हा वाढीव जोर आला कुठून? नवा पिस्टन नाही, नवा रॉड नाही. तो आधीपासून तिथेच होता. इंजिन बांधणारे सगळा जोर गिऱ्हाइकाच्या पायाखाली ठेवत नाहीत. काही मागे ठेवतात. एखाद्या पंपावरच्या हलक्या पेट्रोलसाठी, मे महिन्याच्या उकाड्यासाठी, वसई फाट्यावर तासभर गिअरात ताटकळण्यासाठी, सर्व्हिस पुढे ढकलणाऱ्या मालकासाठी. पोलोच्या गिअरबॉक्सचे क्लच तेलात बुडालेले नाहीत, कोरडे आहेत; गर्दीत सरकताना ते तापतात, आणि टॉर्क वाढवला की त्यांच्यावरचा भारही वाढतो. हवेच्या त्या काळ्या डब्यालाही कारण आहे. जुलै 2018 मध्ये वसई पाण्याखाली गेली होती. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, वीज गेली. अशा पाण्यातून जाताना हवेच्या वाटेने थोडं जरी पाणी आत ओढलं गेलं तरी इंजिन मोडतं. हवा दबते, पाणी दबत नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि रॉड वाकतो. म्हणून हवेचं तोंड उंचावर, बंदिस्त ठेवलेलं असतं.

हे राखून ठेवणं समजायला आम्हा वसईकरांना लांब जावं लागत नाही. इथल्या वाड्यांमधून बावखलं असायची, पावसाचं गोडं पाणी साठवणारी खोल तळी. केळी, पानवेली, फुलझाडं त्या पाण्यावर जगायची. बैल रहाट ओढायचा, आणि रहाटाने काढलेलं पाणी झऱ्यांतून पुन्हा भरून यायचं. मग पंप आले, पंपांमागून टँकर आले. पाणी धो धो निघालं, आणि सगळ्यांना वाटलं की जमीन अधिक देऊ लागली. ती राखलेलं देत होती. उपसा भरतीच्या पुढे गेला तसं समुद्राचं खारं पाणी आत सरकलं आणि विहिरी मचूळ झाल्या. बावखलं पुढे बुजवली गेली. ज्यांनी उपसलं त्यांना गोडं पाणी मिळालं. खारं आलं ते नंतरच्यांच्या वाट्याला.

राखाडी गाडी मी दुसऱ्या दिवशी चालवली. तिच्यात तो सुस्कारा नाही, पाठीला तो धक्का नाही. जोर येतो तो सलग, भरतीसारखा, आणि बघता बघता आपण वेगमर्यादेशी पोचलेलो असतो. एका सपाट पट्ट्यावर मी पाय हलका केला आणि समोरच्या पडद्यावर आलं की गाडी आता दोनच सिलिंडरवर चालली आहे. काम कमी असेल तेव्हा चारांपैकी दोन सिलिंडर हे इंजिन विसाव्याला ठेवतं, आणि पाय दाबला की ते मुकाट्याने पुन्हा कामाला लागतात. हाताला कळलंही नाही. अडीचशे न्यूटन मीटरचा टॉर्क असलेल्या यंत्राला थांबणंही येतं, याने माझं मन जिंकलं.

मी राखाडी घेते आहे. लाल गाडीचा मोह गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही; असा मोह ज्याला होत नाही त्याला चालवण्यातलं सुख कळलेलं नसतं. पण गाडी आपल्याकडे येते तशी एक दिवस जाते. हीसुद्धा मी विकेन. ती घेणारा आज कदाचित शाळेत असेल, आणि माझ्यासारखाच बॉनेट उघडून सांध्यांशी ओल शोधेल. कारखान्याने मागे ठेवलेला जोर त्याच्याही हक्काचा आहे. माझ्या वाट्याचा मी मनसोक्त वापरणार. रविवारी टोकन देते, आणि गाडी हातात आली की पहिल्याच पहाटे वर्सोवा पूल ओलांडून घोडबंदरच्या वळणांवर नेते.