शिट्टीवाली बाभूळ

यवतमाळ

चि. मुक्ता हिस,


नैरोबी नॅशनल पार्कमधला फोटो मिळाला. काट्यांच्या बुडाशी काळ्या गाठी पाहून झाडाला कीड लागलीय का, असं विचारलंस. अगं, ती मुंग्यांची घरं आहेत आणि ती झाडच तयार करतं. काट्यांची बुडं फुगून पोकळ होतात, मुंग्या भोक पाडून आत राहतात. त्या भोकांवरून वारा गेला की शिट्टी वाजते, म्हणून ही शिट्टीवाली बाभूळ. ती वाढते आपल्याकडच्यासारख्याच काळ्या जमिनीत. केनियातही त्या मातीला ‘ब्लॅक कॉटन’ म्हणतात.

घराशिवाय झाड मुंग्यांना पानांच्या देठावर गोड रसही देतं. कुणी फांदीला तोंड लावलं की मुंग्या तुटून पडतात. सोंडेच्या आतला चावा हत्तीलाही सोसत नाही, म्हणून तो अशी झाडं टाळतो.

पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केनियातल्याच लायकिपियात संशोधकांनी १९९५ पासून काही माळांना कुंपण घालून हत्ती-जिराफ बाहेर ठेवले. झाडं फोफावतील असंच कुणालाही वाटेल. दहा वर्षांनी पाहिलं तर उलटंच. खाणारं कुणी उरलं नाही, तेव्हा झाडांनी राखणदारांचा पगार कापला: रस कमी, फुगीर काटेही कमी. मुंग्यांची राखण ढिली पडली. बऱ्याच झाडांवर दुसऱ्याच जातीच्या मुंग्या आल्या. त्या काट्यांत राहत नाहीत, भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या खोडात राहतात, त्यामुळे भुंगेरे त्यांना हवेच असतात. अशी झाडं हळू वाढली, जास्त मेली. २००८ साली हे प्रसिद्ध झालं.

आता तिथे मोठ्या डोक्याच्या परक्या मुंग्या घुसल्यात. त्या राखणदार मुंग्यांना मारतात, पण झाड राखत नाहीत. मग हत्ती झाडं मोडतात, माळ उघडा पडतो आणि सिंहाला दबा धरायला आडोसा राहत नाही. तिथल्याच ओल पेजेटाच्या रानात २००३ मध्ये सिंहांच्या शिकारीत झेब्रे ६७ टक्के होते, २०२० मध्ये ४२. सिंह रानम्हशींकडे वळले, आणि ती शिकार कितीतरी धोक्याची.

या परक्या मुंग्या माणसाच्या सामानातून, कुंड्यांच्या मातीतून पसरतात. लायकिपियाला जाशील तेव्हा कुणासाठीही कुंडीतलं रोप नेऊ नकोस, आणि सोबतच्यांनाही नेऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा