वाईचा पल्ला

पुण्याहून वाईला जाणे हा पूर्वी प्रवास होता. आता ती नुसती फेरी झाली आहे. कात्रजचा बोगदा मागे टाकावा, सारोळ्याला नीरा ओलांडावी, खंबाटकीचा घाट चढून उतरावा आणि सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळावे. तिथून पुढे जुने वड रस्त्यावर छाया धरून उभे असतात आणि त्या छायेतून बाहेर पडेपर्यंत कृष्णेचा गारवा अंगाला लागतो. कोथरूडच्या आमच्या दारापासून आईच्या दारापर्यंत मोजून नव्वद किलोमीटर.

आई वाईत एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. "पुण्यात येऊन मी काय तुमच्या गॅलरीतून मोटारी मोजू?" हा तिचा प्रश्न, आणि त्याला आमच्यापाशी उत्तर नाही. सकाळी ढोल्या गणपतीचे दर्शन आणि संध्याकाळी घाटावरच्या मैत्रिणी, एवढ्यावर ती खूष आहे. त्यामुळे जाणे-येणे आमच्याकडे लागले. आमच्या जुन्या पेट्रोलच्या मोटारीची पंधरा वर्षे भरत आली, तेव्हा घरात विजेच्या मोटारीचा विषय निघाला.

विषय निघाला म्हणजे तो आठवडाभर जेवणाच्या ताटावर होता! चिरंजीवांना छताला काच असलेली गाडी हवी होती. सौ. म्हणाली, "अहो, आकाश बघायला गच्ची आहे. गाडी वाईला जाऊन परत येते का, तेवढे बघा." सबंध खरेदीत याहून शहाणा प्रश्न कोणी विचारला नाही.

दुकानात गेलो. टियागो ही छोटी विजेची गाडी 2022 साली आली. तिच्या मोठ्या बॅटरीत 24 युनिट वीज मावते, आणि जाहीर केलेला पल्ला 315 किलोमीटर. आमची फेरी 180 ची. म्हणजे वाईला जाऊन यावे आणि वर शिल्लक राहावी, असा कोणाही मध्यमवर्गीयाला हर्ष व्हावा! पण हा पल्ला प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर मोजलेला असतो. तिथे ना खंबाटकी, ना समोरून वारा, ना मागे बसलेले चिरंजीव. शिवाय जुना आकडा शहरातल्या मंद चालीचाच असे. पुढे 2024 मध्ये वेगाच्या चालीची चाचणीही त्यात धरली गेली, तेव्हा पंच नावाच्या गाडीचा 421 चा पल्ला 365 वर आला. गाडी तीच, मोजपट्टी बदलली.

तेव्हा ठरवले, की आपली मोजपट्टी आपणच लावावी. 2024 च्या डिसेंबरात दोन दिवसांसाठी तशीच 24 युनिटांची गाडी भाड्याने घेतली आणि पूर्ण भरून चौघे निघालो. वेग ऐंशीच्या वर जाऊ दिला नाही. खंबाटकी चढताना काट्याचा आकडा भराभर उतरू लागला, तशी सौ.ने पर्स घट्ट धरली. उतारावर मात्र गाडी स्वतःच थोडी वीज परत मिळवते. आकडा एक-दोनने वर चढला आणि पर्स सैल झाली. वाईला पोचलो तेव्हा 54 टक्के उरले होते. नव्वद किलोमीटरला अकरा युनिटे! दहा रुपये युनिट धरले तरी एकशेदहा रुपये. जुन्या गाडीला तेवढ्यात एक लिटरच्या वर फारसे पेट्रोल आले नसते.

दुपारी आईला घेऊन पसरणीच्या घाटाने पाचगणीला गेलो. अंतर जेमतेम बारा किलोमीटर, पण चढण पावणेसहाशे मीटरची. वजन उचलायला वीज लागतेच: एक टन वजन 367 मीटर उंच न्यायला एक युनिट. माणसांसकट आमचे ओझे दीड टनाच्या आसपास. त्या बारा किलोमीटरला साडेतीन युनिटे लागली. काटा 40 वर. उतरून वाईला आलो तो 43. परतीला 40 टक्के लागणार, म्हणजे घर गाठेपर्यंत जीव मुठीत!

रात्री वाड्यात मुक्काम केला आणि स्वयंपाकघराशेजारच्या पंधरा अँपियरच्या खोबणीत गाडी लावली. वायरमनला आधी बोलावून अर्थिंग तपासून घेतले होते; जुन्या वाड्यात ते अगत्याचे. अशा खोबणीतून तासाला दहा टक्के भरतात. आई म्हणाली, "म्हणजे इथे आल्यावर तिला वैरण घालायची तर!" सकाळी वैरण खाऊन गाडी टवटवीत उभी होती.

एवढ्यावर छोटी गाडी पसंत झाली असती. जेवायला आणि वामकुक्षीला तीन तास गेले तर तीस टक्के आपोआप भरतात. पण परतताना सौ. म्हणाली, "आणि रात्री दोनला फोन आला तर?"

मग नेहमीचा हिशेब बाजूला राहिला. रात्री दोनला निघायचे, आईला उचलायचे, तसेच पुण्याच्या इस्पितळात यायचे. मध्ये थांबणे नाही. जायला 46 टक्के, यायला 40. त्या रात्री गाडी 80 टक्केच भरलेली असली, तर घाट उतरून शिरवळ ओलांडले की आमची दातखीळ बसायची. महामार्गावर जलद भरणारी केंद्रे आहेत. पण आजारी माणूस मागे घेऊन तिथे रांगेत कोण उभे राहणार?

म्हणून 35 युनिटांच्या बॅटरीचा हिशेब मांडला. गाडी थोडी जड, तेव्हा जाऊन-येऊन बावीस युनिटे धरली. ऐंशी टक्क्यांत अठ्ठावीस असतात. बॅटरी काही वर्षांनी दहा टक्के थकली तरी पंचवीस उरतात. फेरी पुरी होते. त्या बॅटरीची पंच 2024 च्या जानेवारीत आली तेव्हा तिचा भाव 12.99 लाखांपासून होता. छोटीची 24 युनिटांची गाडी सुरुवातीला 9.99 लाखांपासून होती. मधले तीन लाख आमच्यासारख्यांना थोडे नव्हेत. काचेचे छत गेले, भारी चाके गेली, यंदाची उत्तरेची सहल गेली. बॅटरी तेवढी मोठी घेतली.

वाचकहो, तुम्हीही गाडी बघायला जाल तेव्हा दुकानदाराचा पल्ला ऐकून घ्या. पण घरून निघताना आपली वाई कोणती, ते ठरवून जा. तिथे जाऊन, न भरता, चार वर्षांनीही परत येईल ती गाडी आपली. बाकीचा पल्ला कागदावरचा.