पत्तीचा नंबर

क्लॅरिनेटच्या रीडला नंबर असतो. एकपासून पाचपर्यंत, बहुधा अर्ध्या अर्ध्या पायरीने चढत जाणारा. सनईवाले जिला पत्ती म्हणतात तिचीच ही दूरची बहीण. सनईच्या पत्त्या एकमेकींवर आपटून कंप पावतात. ही एकटीच असते, आणि तिचा सगळा संसार एबोनाइटच्या माउथपीसशी. नवशिके वादक एकमेकांना 'तुझा नंबर कितीचा?' असे विचारतात, ते इयत्ता विचारल्याच्या सुरात. मोठा नंबर म्हणजे मोठी छाती, पक्का रियाज, असा एक अलिखित संकेत आहे.

आम्ही बरीच वर्षे साडेतीनवर होतो. गेल्या वर्षी न्यूमोनियातून उठलो आणि साडेतीनची पत्ती बोलेना. श्वास नुसताच सूं करून निघून जाई. अडीचवर यावे लागले. दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिकांवर आकडे टाकणाऱ्या प्राध्यापकाने आपला आकडा घसरला म्हणून खंतावणे हास्यास्पद आहे, हे मान्य. पण खंत वाटली खरी, आणि त्या खंतीपोटीच हा आकडा नेमके काय मोजतो याची चौकशी आम्ही सुरू केली.

मोठ्या नंबरची पत्ती जाड असते, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. एकाच कटातल्या दोन नंबरच्या आणि चार नंबरच्या पत्त्या सारख्याच मापाने तासलेल्या असतात. तासून झाल्यावर यंत्र पत्तीला टोकाजवळ दाबून पाहते; ती जितकी कमी वाकेल तितका नंबर वरचा. थोडक्यात, नंबर हा त्या नळाचा अंगभूत ताठपणा. तो कापणाऱ्याच्या हाती नसतो, त्याला केवळ निवड करता येते. शिवाय यंत्र दाबते ते एका जागी, आणि पत्ती थरथरते ती सबंध. तिच्यातले धागे डावीकडे दाट, उजवीकडे विरळ असतील तर यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. दहांच्या खोक्यातल्या, एकच नंबर छापलेल्या दोन पत्त्या म्हणूनच दोन स्वभावांच्या निघतात. (परीक्षापद्धतीवरील चर्चासत्रांत हा दाखला कोणी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.)

हा नळ म्हणजे अरुंडो डोनॅक्स. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार परगण्यातला त्याचा माल विशेष नावाजलेला. हिवाळ्यात तोडायचा, उन्हात पिवळा होईतो वाळवायचा, मग मुरू द्यायचा. हेच गवत कॅलिफोर्नियात नदीकाठ गिळणारे तण म्हणून उपटले जाते.

नंबर नळाचा, पण कट मात्र पूर्णपणे माणसाचा. बोरूने लिहिणाऱ्या पिढीला हे समजावून सांगावे लागले नसते: बोरू तोच, परंतु कत कसा मारला यावर अक्षराचे वळण ठरे. पॅरिसच्या ऑपेरातले क्लॅरिनेटवादक यूजीन व्हान डोरेन यांनी १९०५ साली सुरू केलेल्या व्हँडोरेन कंपनीचे तीन कट आम्ही पावसाळ्याआधी, एकाच माउथपीसवर, अडीचच्याच नंबरात वाजवून पाहिले. जुन्या 'ट्रॅडिशनल'चे टोक ०.०९ मिलिमीटर, 'व्ही-१२'चे ०.१०, आणि कंपनीच्या पत्त्यावरूनच नाव घेतलेल्या '५६ रू लपिक'चे ०.११. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण ओठाला तो कळतो. ट्रॅडिशनल चटकन बोलते. हळू स्वरातही हो म्हणते. मात्र वरच्या सप्तकात तिचा आवाज आम्हाला जरा उथळ वाटला. व्ही-१२ बोलायला क्षणभर घेते, मग भरून बोलते. तिसरी भारदस्त आहे, पण आमच्या सध्याच्या श्वासाला ती मंद्रात दाद देत नाही. अडीच आणि अडीच आणि अडीच, तरी तिघी तीन ठिकाणी. खुद्द कंपनीच्या तुलनातक्त्यातही तिन्ही कटांचे समान आकडे एका रेषेत येत नाहीत; दुसऱ्या कारखान्याचा अडीच तर आणखी वेगळा.

माउथपीसची गोष्ट आणखी निराळी. पत्ती आणि माउथपीस यांच्या टोकांमधली फट '५आरव्ही'त १.०६५ मिलिमीटर, तर 'बी४५'मध्ये १.१९५. अरुंद फटीवर ताठ पत्ती सुखाने नांदते. रुंद फटीवर तीच वादकाला दमवते. तेव्हा साडेतीनचा अभिमान पुष्कळदा फटीचा असतो, छातीचा नव्हे. मऊ पत्तीवर ओठाने सूर ओढणेही सोपे. गर्शविनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'च्या (१९२४) आरंभी क्लॅरिनेट जी चढती मींड घेते ती मूळ लेखनात सुट्या स्वरांची होती. रॉस गॉर्मन या वादकाने तालमीत ती गमतीने ओढली आणि गर्शविनने ठेवली. अशी ओढ आम्हाला साडेतीनवर कधी साधली नव्हती. अडीचवर, अगदी थोडी, साधते.

आता प्लॅस्टिकच्या पत्त्याही आहेत. लेझेर या कॅनडियन कंपनीच्या पत्त्या पाव पाव नंबराने चढतात, ओल्या कराव्या लागत नाहीत, आणि आषाढात फुगून त्यांच्या टोकाला लाटा येत नाहीत. एका स्नेह्याने दिलेली एक आम्ही वाजवली. सूर स्थिर, तक्रारीला जागा नाही. तरी तूर्त आमच्या डबीत व्ही-१२च्या चार पत्त्या आहेत, त्यांतल्या दोन बऱ्या. पाठीवरचा नंबर आम्ही खोडलेला नाही. त्याखाली पेन्सिलीने तारीख तेवढी घालतो, म्हणजे कोणती किती दिवस टिकली ते कळते.