आडवा की उभा

९ जानेवारी २०२४, मंगळवार

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असते, म्हणून मितानिन दीदी, म्हणजे इकडची आशाताई, सकाळीच दारात. मी रेल्वेलाइनपलीकडच्या दवाखान्यात नाव घातलंय हे तिला ठाऊक आहे. तरी येते, पाय सुजलेत का बघते, चहा पिते. आज उठता उठता म्हणाली, "ए दारी नॉर्मल होही का नोनी?" या वेळी नॉर्मल होईल का पोरी?

दुपारी डॉक्टरबाईंसमोर मी तोच प्रश्न ठेवला. त्यांनी हो-नाही काहीच केलं नाही. मला विचारलं, "पहिलं सिझर कशासाठी झालं? आणि छेद आडवा होता की उभा?"

मी पोटाकडे बोट दाखवलं. आडवाच आहे की.

"हा कातडीचा. मला आतला हवाय."

चार वर्षं मी तो टाका माझा म्हणून सांभाळला, थंडीत खाजला की तेल लावलं. आत दुसरा आहे आणि त्याची दिशा वेगळी असू शकते, हे आज कळलं. पिशवीच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद असेल तर कळा देऊन बघता येतं. वरच्या जाड भागात उभा असेल तर कळांचा प्रश्नच नाही, सरळ ऑपरेशन. "कार्ड घेऊन या," म्हणाल्या.

११ जानेवारी

कार्ड सापडलं. चिऊच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंखाली होतं. "सिझेरियन. मुलगी. ३.१ किलो. बाळ-बाळंतीण सुखरूप." खाली लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि एक सही, जी डॉक्टरची आहे की कंपाउंडरची हे देवालाच माहीत. छेदाबद्दल अक्षर नाही. कारणही नाही.

कारण मला वाटतं ते असं: नोव्हेंबर २०१९, पहिलटकरीण म्हणून माहेरी नागपूरला गेलेले. सोनोग्राफीत पाणी कमी निघालं, संध्याकाळी जेल ठेवलं, पहाटे कोणीतरी म्हणालं बाळाचे ठोके पडताहेत, आणि ह्यांनी सह्या केल्या. आई आजही सांगते, "पोरीला कळाच सोसल्या नाहीत." सासूबाई सांगतात, "पाणी सुकलं होतं." एका रात्रीच्या दोन गोष्टी, आणि दोन्ही सांगणाऱ्या खोलीबाहेर बसलेल्या.

दादाला फोन केला. त्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची नोंद मागायला सांगितली.

१५ जानेवारी, संक्रांत

मंडळाच्या बायकांचं हळदीकुंकू. आमच्याकडचे सासरे-चुलतसासरे वर्ध्याकडून पोलाद कारखान्याच्या मागे इकडे भिलाईला आले, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि निवृत्तीनंतर कुरुदला प्लॉट घेऊन बसले. (धमतरीकडचं कुरुद वेगळं. कुरिअरवाल्याला भिलाई न सांगितल्यास बाळंतविडा तिकडे जाईल.) त्यामुळे तीळगूळ मराठीत, भांडण हिंदीत आणि भाजीवालीशी छत्तीसगढीत, असा आमचा कारभार.

वाण लुटायचं राहिलं बाजूला, विषय माझा. "एकदा सिझर की कायम सिझर गं." "टाके उसवले म्हणजे?" "मुहूर्त काढून मोकळी हो." एका मावशींनी सांगितलं की त्यांच्या नणदेचं दुसरं नॉर्मल झालं, तर सगळ्या त्यांच्याकडे अशा बघायला लागल्या जणू नणदेने गाडी उलटी चालवली.

"एकदा सिझर की कायम सिझर" हे आपल्या आज्यांनी केलेलं नाही. न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांनी १९१६ मध्ये तसं लिहिलं. तेव्हा छेद पिशवीच्या वरच्या भागात उभाच द्यायचे, त्यामुळे भीती खरी होती. आणि त्यांचा रोख पहिल्याच सिझरवर होता: नीट विचार केल्याशिवाय कापू नका, कारण पुढे तेच करत बसावं लागेल. छेद खाली आला, आडवा झाला, वाक्य मात्र तिथेच राहिलं. शंभर वर्षांनी ते तिळगुळाबरोबर माझ्या हातावर.

मनातल्या मनात मोजलं. खोलीत पंचवीस जणी. मागे आडवा छेद एकच असेल आणि कळा आपल्या आपण आल्या, तर जुना टाका फाटण्याचा धोका साधारण दोनशे जणींत एकीला. म्हणजे असे आठ हॉल भरायचे आणि त्यातली एक. प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या सत्तर-पंचाहत्तर जणींचं नॉर्मल होतं. आकडा लहान आहे. पण फाटला तर बाळाला मिनिटं मिळतात, तास नाही, आणि त्या एकीला बाकीच्या एकशे नव्व्याण्णवांचा काय उपयोग?

१८ जानेवारी

कुरुदजवळच्या एका नर्सिंग होममध्ये जाऊन आले. घरापासून पाच मिनिटं, सासूबाईंना म्हणून पसंत. मॅडम तोंडभर हसल्या. "करून देऊ ना नॉर्मल, त्यात काय!" मी डॉक्टरबाईंनी पढवलेला प्रश्न विचारला: रात्री भूलतज्ज्ञ इथे असतात की बोलवावे लागतात?

"फोन केला की येतात."

रक्त? "दुर्गहून मागवतो."

चहा न पिता परत आले. बाळाचे ठोके पडायला लागल्यावर कोणाची तरी स्कूटर किक मारून सुरू होत नाही, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना. हसू आलं नसतं त्यांना, तर कदाचित मी एवढी घाबरले नसते.

२२ जानेवारी

गल्लीत दिवे, भोंगे, केळीचे खांब. अयोध्येतली प्राणप्रतिष्ठा. आजच्याच तारखेला सिझर करा म्हणून कानपूरच्या दवाखान्यात बायका विनंत्या करताहेत, ही बातमी चुलतजाऊबाईंनी मोबाइलवर दाखवली. "तुझंही होऊन गेलं असतं." मला आज सदतीस आठवडे आणि चार दिवस. ठरवून करायचं सिझर एकोणचाळीस पूर्ण झाल्याशिवाय करत नाहीत, नाहीतर बाळाला श्वासाचा त्रास होतो. जाऊबाई म्हणाल्या, "श्रीराम बघून घेतील." मी दिव्यात तेल घातलं आणि गप्प बसले.

२४ जानेवारी

दादाचा फोन. दवाखान्याने आधी सांगितलं जुने कागद गोदामात, मग सांगितलं गोदामाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. कागद तीन वर्षंच ठेवणं बंधनकारक, इथे चार उलटली, तेव्हा "नाही" म्हणाले असते तरी काही करता आलं नसतं. दादा तीनदा गेला. तिसऱ्यांदा म्हाताऱ्या ब्रदरने स्वतःच ऑपरेशनचं रजिस्टर काढून दिलं. एका ओळीचा फोटो, निळ्या शाईत, शेजारी कोणाच्या तरी चहाचा गोल डाग:

एलएससीएस. खालचा आडवा छेद. कारण: बाळाचे ठोके मंद. पिशवीचं तोंड ३ सेंटिमीटर.

तीन. बाळ अडकलं नव्हतं, माझी हाडं अरुंद ठरली नव्हती. पाणी सुकलं म्हणून कापलं नव्हतं, कळा सोसल्या नाहीत म्हणूनही नाही. कळा नीट सुरूच झाल्या नव्हत्या. चार वर्षं आईचं वाक्य मी उरावर बाळगलं. खोली झाडताना आज उगाच रडले. मग आईला फोन लावला आणि ओळ वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "अळीव घेतलेत का?"

२५ जानेवारी, छेरछेरा

पौष पौर्णिमा. मुलं पिशव्या घेऊन दारोदार धान मागत फिरताहेत. चिऊलाही जायचं होतं, शेजारच्या पोरांबरोबर सोडली. ओंजळभर तांदूळ आणि एक बोर घेऊन आली.

फोटो बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, प्रयत्न करण्यासारखा आहे. मग अटी. पहिली कळ कळ वाटली की निघायचं, घरी ढकलत बसायचं नाही. सुरुवातीपासून पोटाला ठोक्यांचा पट्टा, हाताला सुई, रक्त तयार. दोन कळांच्या मध्येही दुखणं थांबलं नाही किंवा अंगावरून लाल गेलं, तर लगेच सांगायचं. कळा आणायला या वेळी जेल नाही, त्याने टाक्यावरचा धोका वाढतो. तारीख उलटून पाच दिवस वाट बघायची, मग सिझर.

"आणि तिसरं हवंय का?" त्यांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न आगाऊ वाटला, पण त्याला कारण होतं: दर सिझरबरोबर पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यात रुतण्याचा धोका वाढत जातो. चार मुलं हवी असणारीने नॉर्मलसाठी जास्त धडपडावं. आम्हाला दोनच. म्हणजे माझ्या तराजूतलं एक वजन कमी झालं.

परतताना अंडरब्रिजात गाडी अडकली. हे म्हणाले, "तू सांग, मी तुझ्याबरोबर." मला ते वाक्य आवडलं नाही. सह्या २०१९ मध्येही ह्यांनीच केल्या होत्या. म्हटलं, बरोबर असाल तर तुमचंही मत सांगा. अंडरब्रिज संपेपर्यंत विचार करून म्हणाले, "मला भीती वाटते. पण नाइट शिफ्ट बदलून घेतो." ठरलं ते एवढ्यावरच. प्रयत्न करायचा.

४ फेब्रुवारी

पिशवी भरली. १०२ चा, म्हणजे महतारी एक्सप्रेसचा नंबर फ्रिजवर चिकटवला, ह्यांची मोटार बिघडली तर. मी दिवसातून दोनदा चालायला जाते. काही नाही.

८ फेब्रुवारी

तारीख आली, गेली. सासूबाई गरम दुधात तूप देतात, शेजारीण पपई सुचवते, मितानिन दीदी म्हणते "डर्रा झन," घाबरू नको. पोट दगडासारखं होतं, पुन्हा सैल पडतं. रात्री दोनला ह्यांना उठवलं, कपडे घातले, गेटपर्यंत गेलो, थांबलं. परत येऊन झोपलो. ह्यांना झोप लागली.

११ फेब्रुवारी

जाऊबाई: सिझर मंगळवारऐवजी बुधवारी घ्या, वसंत पंचमी आहे. डॉक्टरबाई: मंगळवार म्हणजे मंगळवार.

तीन दिवस आणखी थांबायचं का, हे मीही विचारलं. वाट बघता येईल म्हणाल्या, पण दिवसागणिक बाळाकडे जास्त लक्ष द्यावं लागेल, आणि तोंड अजून घट्ट बंद आहे. निर्णय माझ्यावर सोडला. मी मंगळवार घेतला. जानेवारीत मला वाटलं होतं, तिथवर आलेच तर हरल्यासारखं होईल. आज फक्त उपाशी किती वाजल्यापासून राहायचं एवढंच डोक्यात होतं.

१७ फेब्रुवारी

मुलगा. १३ तारखेला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, ३.४ किलो.

कमरेतून भूल दिलेली, पडद्यापलीकडे भांड्यांचे आवाज. मी विचारलं, जुना टाका कसा आहे? "बरा दिसतोय." टिकला असता का? "बघून सांगता येत नाही हो." मग बाळ रडलं आणि माझा पुढचा प्रश्न राहून गेला.

शेजारणीने कांके पानी, म्हणजे इकडचा बाळंतिणीचा काढा, आणून दिलं, सासूबाईंचे डिंकाचे लाडू होतेच. दोन्ही घेतलं. टाका हसताना दुखतो.

आज सुट्टी. कार्डावर पुन्हा "सिझेरियन, बाळ-बाळंतीण सुखरूप" एवढंच. मी काउंटरवरून हलले नाही. ह्यांनी बाळ धरलं, मी खुर्चीत बसून राहिले. पाऊण तासाने वरून कागद आला: खालचा आडवा छेद, दोन थरांत शिवण, जुन्या टाक्याच्या जागी चिकटलेलं काही नाही, कळा सुरू झालेल्या नव्हत्या. खाली नाव वाचता येईल अशी सही. दोन झेरॉक्स काढल्या, एक दादाला पाठवली. दुसरी सासूबाईंनी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवली.