‘ट’चा हिशोब

बारा वर्षं मी रोज तासभर तबला वाजवत होतो आणि त्यालाच रियाज म्हणत होतो. दिल्ली घराण्याचा तोच कायदा, ‘धातिट धातिट धाधा तिट धागे तिना किना’. थोडा ठाय लयीत घोळवायचा, की दिला दुगुनीत सोडून. पडेगावात आमच्या घरासमोरून दौलताबादकडे जाणारे ट्रक घरघरत असायचे. त्या आवाजात माझं सगळं छानच ऐकू यायचं.

एकदा गुरुजींनी डग्गा बाजूला ठेवायला लावला. ‘‘आता वाजव.’’ दुगुनीत शिरलो आणि कळलं, ‘ति’ वाजतोय, ‘ट’ नाही. मधलं बोट नीट पडत होतं, तर्जनी नुसती टेकत होती. बारा वर्षं डग्ग्याच्या घुमाऱ्यानं तिला पाठीशी घातलं होतं.

मग दोन महिने कायदा बंद. फक्त तिट. लय साठवर. सलग दहा आवर्तनं ‘ट’ स्वच्छ आला तरच लय चारनं वाढवायची. अडखळलं की पुन्हा खाली. वीस मिनिटांत डोकं शिणायचं. पूर्वी तासभर वाजवून मी ताजातवाना उठायचो, यातच काय ते आलं.

शिवाय एक वही: तारीख, लय, कुठला बोल कुठे बिघडला. मला ते कारकुनी वाटलं. मग आठवला शार्ङ्गदेव. आमचा हा रस्ता जातो त्या दौलताबादेत, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीत, तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या पदरी असलेला. त्याच्या ‘संगीतरत्नाकर’चे अध्याय सात, पाचवा तालाचा, सहावा वाद्यांचा. पण पेशानं तो दरबारच्या हिशोबांचा प्रमुख. लघू, गुरू, प्लुत मापून ठेवणाऱ्याला कारकुनीची लाज वाटली नसावी.

वहीत पहिले अकरा दिवस एकच नोंद: ‘६०. ट नाही.’ बाराव्या दिवशी दोष सापडला. अनामिका मी पुडीवर दाबून धरत होतो, म्हणून तर्जनी सुटत नव्हती. दुगुनीत हे कधीच दिसलं नसतं.

परवा कायदा पुन्हा घेतला. ‘ट’ आला, पण खालीत, जिथे डग्गा मिटायला हवा, तिथे तो घुमला. वहीत नवं पान उघडलं. आता ट्रक आला की हात थांबवतो. तो गेला, की पुन्हा साठवर.