मतलब समजला, तरी वाक्य नाही

मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. तरी संध्याकाळी मोहल्ल्यातली मुलं इंग्रजीची वही घेऊन येतात, कारण हाकेच्या अंतरावर तेवढीच एक शिक्षिका आहे. महाराष्ट्रात 2000 पासून सगळ्या माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे या मुलांकडे शब्द बऱ्यापैकी असतात. अडतं ते वाक्यापाशी. दहावीपर्यंत सगळं उर्दूत आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत, तेव्हा तर फारच.

एका मुलीचा रजेचा अर्ज कॉलेजात वर्गापुढे हसत वाचला गेला. तिने लिहिलं होतं, 'अॅज माय मदर इज इन हॉस्पिटल.' पूर्णविराम. मग पुढे, 'नॉट केम टू कॉलेज.' त्या दिवसानंतर पोरीने वर्गात शंका विचारणं बंद केलं. तिची अम्मी मला म्हणाली, "मॅडम, मतलब तो समझ में आया ना उनको?"

मतलब नक्कीच समजला होता. म्हणून तर हसण्याचा राग येतो. पण अम्मीच्या प्रश्नात गोची आहे, आणि ती आपण शिक्षकांनीच करून ठेवली आहे. पूर्ण अर्थ सांगणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य, ही व्याख्या आपण तिन्ही भाषांत पाठ करून घेतो. त्या मापाने 'नो पार्किंग'सुद्धा वाक्य ठरेल, कारण अर्थ सगळ्यांना कळतो, दंडही होतो. इंग्रजी मात्र अर्थाच्या आधी बांधणी पाहते. कर्ता हवा, आणि त्याच्याशी जोडलेलं, काळ दाखवणारं क्रियापद हवं.

आपली मुलं कुठून येतात ते बघा. मराठीत 'माझी बहीण शिक्षिका' एवढं म्हटलं तरी भागतं, 'आहे' लागतंच असं नाही. अरबीत तर वर्तमानकाळाच्या अशा वाक्यात 'आहे' नसतंच. 'अस्सलामु अलैकुम' हे आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. त्यात क्रियापद नाही, तरी मदरशात शिकलेला मुलगा सांगेल, हा पूर्ण जुमला आहे, एक मुब्तदा, एक ख़बर. किताबी उर्दूत 'है' लागतं, पण घरात आपण 'वो जा रा' म्हणून मोकळे होतो. अशा मुलाने 'माय सिस्टर टीचर' लिहिलं तर तो मठ्ठ नाही. त्याने दुसऱ्या भाषेचा कायदा इंग्रजीला लावला, इतकंच.

कर्त्याचंही तेच. मराठीत 'आलीस?' या एका शब्दात समोर एकच व्यक्ती आहे, ती बाई आहे आणि तिला 'तू' म्हणतोय, एवढं सगळं येतं. इंग्रजीतल्या 'केम'मध्ये यातलं काही नाही. आय केम, यू केम, दे केम, सगळीकडे तेच. म्हणून तिथे कर्ता उच्चारावा लागतो. इतका की पाऊस पडताना पाडणारा कुणी नसला तरी 'इट इज रेनिंग' म्हणायचं. मुलं हटकून विचारतात, "मॅडम, ये इट कौन है?" कुणी नाही. कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवायची नाही म्हणून बसवलेला माणूस.

सर्वात जास्त फसवतं ते 'इंग'. 'द बॉय रनिंग ऑन द रोड' हे मुलांना वाक्य वाटतं. मराठीत करून बघा, रस्त्यावर पळणारा मुलगा. मग? त्याचं काय झालं? मी एक कसोटी देते. वाक्य काल घडलं असं समजा आणि कोणता शब्द बदलतो ते पाहा. 'रन्स'चं 'रॅन' होतं, 'इज'चं 'वॉज' होतं. 'रनिंग' हलत नाही, म्हणून त्याच्या एकट्याच्या जिवावर वाक्य उभं राहत नाही.

आता तो अर्ज. 'माय मदर इज इन हॉस्पिटल' यात कर्ता आहे, 'इज' आहे. तरी वाक्य अपुरं, कारण सुरुवातीला 'अॅज' आहे. अॅज, बिकॉज, इफ, व्हेन असे शब्द लागले की ते वाक्य दुसऱ्याच्या आधाराला जातं. 'अगर तुम आए' म्हणून कुणी गप्प बसला तर आपण तोंडाकडे बघत राहतो ना, तसं. म्हणून पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम दिला, पुढे 'आय कुड नॉट कम टू कॉलेज' जोडलं, आणि अर्ज झाला. एवढंसं काम. वर्गात हसण्याऐवजी दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

हुशार मुलं मग कादंबऱ्या दाखवतात. डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'मधलं पहिलं वाक्य म्हणजे नुसतं लंडन हे नाव, पूर्णविरामासकट. खरं आहे. पण डिकन्सला कुणाकडे रजा मागायची नव्हती. परीक्षेच्या पेपरात आधी कायदा, मग हौस.

हल्ली मी मुलांना बाजारातल्या पाट्या लिहून आणायला सांगते आणि वाक्य कोणतं ते ठरवायला लावते. 'फ्रेश चिकन' नाही. 'वेट हिअर' आहे, कारण हुकूम देताना 'यू' गृहीत असतो आणि इंग्रजीत कर्त्याला एवढी एकच मोठी सूट आहे. परवा बँकेच्या दारावरच्या 'पुश'वरून दोन पोरींचं कडाक्याचं भांडण झालं. एवढासा शब्द वाक्य कसा असेल, असं एकीचं म्हणणं. आहे.