खांद्यावरून आलेला चेंडू

डेव्हिड प्लॅट हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते पेडगावात, शिळ्या पेपरात. 1990 चा जून, आर्द्रा लागलेलं, पेरण्यांची घाई. औरंगाबादचा पेपर परभणीमार्गे आमच्याकडे पोचायचा तो दुपार कलल्यावर. त्यातलं खेळाचं पान माझ्या हाती यायचं आणखी उशिरा, कारण आधी थोरल्यांचे बाजारभाव वाचून व्हायचे. बातमी विश्वचषकाची होती. बाद फेरीत इंग्लंडने बेल्जियमला 1-0 हरवलं होतं. जादा वेळही संपत आला होता, टायब्रेकर होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं आणि 119 व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या या प्लॅटने खांद्यावरून आलेला चेंडू वळून हवेतच मारला.

गोल पाहायचा प्रश्नच नव्हता. सामना बोलोन्यात, आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली, आणि गावात वीज असली तर असली. त्यामुळे तो गोल मला मनातच रचावा लागला. खांद्यावरून म्हणजे कसा? मागून आलेला चेंडू दिसतो कुठून?

परभणी सोडल्यावर मनमाडकडे जाताना आमचं स्टेशन लागतं. तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. शाळेत फुटबॉल एकच, आणि मैदानाच्या कडेला बाभळी. ब्लॅडर पंक्चर झालं की आम्ही ते सायकलच्या दुकानात न्यायचो. तिथे ते घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडा शोधायचे, कानस घासून ठिगळ लावायचे. दोन दिवसांनी शेजारीच नवा काटा. पाऊस झाला की काळी माती कातड्याला अशी चिकटायची की चेंडू लाथ मारणाऱ्यालाच लागायचा. खेळ म्हणजे चेंडू जिकडे तिकडे सगळी पोरं. पी.टी.चे सर मला म्हणायचे, ‘तू हाफ. तू मधे थांब, पळू नको.’ मधे थांबणं ही शिक्षाच वाटायची. पण थांबल्यावर दिसायला लागलं की घोळक्यातून चेंडू कधी ना कधी बाहेर सुटतो, आणि तेव्हा तिथे कोणीच नसतं.

प्लॅटचा गोल आम्ही करून पाहिला. एकाने मागून हाताने चेंडू उडवायचा, दुसऱ्याने वळून मारायचा. चेंडू जायचा पलीकडच्या पेरलेल्या रानात आणि मालक बांधावरून आमच्या घराण्यांचा उद्धार करायचा.

प्रत्यक्ष गोल पाहिला तो पुण्यात नोकरीला लागल्यावर, इंटरनेटवर. तो अजूनही मोबाइलवर सापडतो. पाहणार असाल तर चेंडूकडे पाहू नका, प्लॅटकडे पाहा. फ्री किक गॅस्कॉइनची. ती उंच तरंगत पेटीत येते आणि सगळ्यांच्या माना वर. प्लॅट पळत पुढे सरकलेला असतो. चेंडू त्याच्या मागून, उजव्या खांद्यावरून उतरतो. तो टप्पा पडू देत नाही. कमरेतून गर्रकन वळतो आणि उजव्या पायाने मारतो. प्रुडोम हा काही साधासुधा गोलकीपर नव्हता, पण त्याला काही करता आलं नाही. प्लॅटच्या जवळ बेल्जियमचा माणूस का नाही, याचं उत्तर माझ्या मते मधल्या फळीत आहे. पुढच्या माणसावर सगळ्यांची नजर असते. मागून उशिरा येणाऱ्यावर कोणी ठेवत नाही. या उशिरा येण्यावरच प्लॅट जगला. इंग्लंडसाठी 62 सामन्यांत 27 गोल, तेही मधल्या फळीतून.

त्या विश्वचषकाने त्याचं घर बदललं. मँचेस्टर युनायटेडने पोरसवदा असताना सोडून दिलेला हा खेळाडू क्रू अलेक्झांड्रासारख्या छोट्या क्लबात घडला, तिथून अ‍ॅस्टन व्हिलात गेला आणि 1991 मध्ये साडेपाच दशलक्ष पौंडांना इटलीतल्या बारीने त्याला नेलं. बारी खालच्या विभागात घसरलं. हा युव्हेंटसला गेला, मग सॅम्पडोरियाला. तिथे 1994 चा इटालियन कप मिळाला. परत येऊन आर्सेनलकडून 1998 ची लीग आणि एफए कप. आमच्याकडची माणसं आधी परभणी, मग औरंगाबाद, मग पुणे अशी कामामागे सरकत जातात. त्याचीही यादी मला तशीच वाटते, फक्त गावांची नावं मोठी.

पण खेळाडू परदेशी जातो तेव्हा पाय सोबत असतात. कोच जातो तेव्हा फक्त तोंड. 1998 च्या डिसेंबरात सॅम्पडोरियाने, म्हणजे ज्यांच्यासाठी तो गोल करायचा त्याच क्लबाने, त्याला कोच म्हणून बोलावलं. त्याच्याकडे इटलीत लागणारा प्रशिक्षकाचा परवाना नव्हता. इतर कोच ओरडले, संघ जिंकेना, काही आठवड्यांत तो बाहेर. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट, इंग्लंडचा 21 वर्षांखालचा संघ. मग सॅम्पडोरियातला जुना साथीदार मँचिनी याच्या हाताखाली मँचेस्टर सिटी. 2012 ची प्रीमियर लीग त्यांनी जिंकली.

आणि 2015 मध्ये हा माणूस पुण्यात, बालेवाडीला आला. एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबाचा कोच! बातमी मी दोनदा वाचली. या वेळी पेपर शिळा नव्हता.

पहिल्याच सामन्यात पुण्याने मुंबई सिटीला 3-1 हरवलं. तुंजाय, मुटू, झोकोरा अशी जुनी मोठी नावं, आणि मधल्या फळीत शिलाँगचा युजिनसन लिंगडोह, ज्याच्यासाठी लिलावात 1 कोटी 5 लाख मोजले होते. मी मैदानावर गेलो तो खरं तर प्लॅटला पाहायला. आखलेल्या चौकोनात तो उभा, हात पुन्हा पुन्हा एकाच प्रकारे हलतोय: मागे थांब, आत्ता नको. तो नेमका कोणाला खुणावत होता ते लांबून कळलं नाही. पण ती खूण मला ओळखीची होती. प्रेक्षकांतला ढोल इतका जोरात होता की प्लॅटचा आवाज मैदानात पोचत असेल यावर माझा विश्वास नाही.

हंगाम अडीच महिन्यांचा, साखळीत 14 सामने. पुणे आठांत सातवं आलं. प्लॅट गेला. त्याच्या आधी इटलीचा कोलोंबा होता, नंतर स्पेनचा हबास, मग सर्बियाचा पोपोविच, पुन्हा एक स्पॅनिश, शेवटी पुन्हा एक इंग्लिश. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्याने निमूट सोसली, पण ती खरी शोभते या क्लबाला. प्लॅटसारखं उशिरा, नेमक्या जागी येणं ही सवय आहे. ती लागायला हंगामामागून हंगाम तोच आवाज कानावर पडावा लागतो. चौदा सामन्यांत अंगात येते ती फक्त जर्सी.

याच्या उलट, कोचला वेळ देण्याचं उदाहरण मुंबईतच होतं. खालिद जमील, कुवेतमध्ये जन्मलेला, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून मधल्या फळीत खेळलेला. मुंबई एफसीने त्याला 2009 पासून 2016 पर्यंत कोच ठेवलं. क्लब गरीब, मोठा करंडक एकही नाही, तरी ठेवलं. मग तो मिझोरामला गेला, जिथे भाषा, जेवण, हवा सगळंच नवं, आणि 2017 मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. ईशान्येतल्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. ऑगस्ट 2025 मध्ये तो भारताचा कोच झाला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 अशी हार झाली आणि 2027 च्या आशियाई कपाची वाट बंद झाली, तेव्हा लगेच ‘बदला याला’ सुरू झालं. मला ते पटत नाही. मुंबई एफसीसारखा धीर देशालाही परवडेल.

पुणे सिटीने मात्र धीर धरला नाही, आणि त्याला स्वतःलाही कोणी धीर दिला नाही. 2019 मध्ये क्लब गुंडाळला, त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. तेव्हापासून एवढ्या मोठ्या पुण्याचा देशाच्या अव्वल लीगमध्ये एकही संघ नाही.